सँ-स्युल्पीस, नोत्र-दाम, सँ-तुआँ, सँ-सेर्नँ: फ्रेंच चर्च-ऑर्गनांचा आवाज ताडून बघायचा कसा?

पायपेटी

मंडळी, आधीच सांगतो, हा धागा संगीत नाटकातल्या पायाने भाता मारायच्या ऑर्गनबद्दल नाही. फ्रान्समधल्या मोठ्या चर्चांत मुख्य दाराच्या वर, सज्जात, हजारो नळ्यांचे जे पाइप ऑर्गन बसवलेले आहेत त्यांच्याबद्दल आहे.

फ्रेंच संगीतकार विदोरच्या पाचव्या सिंफनीतली प्रसिद्ध तोकाता चार ठिकाणची लावून ऐकली. नोत्र-दाममध्ये ती लखलखीत, जराशी कडक वाटते. सँ-स्युल्पीसमध्ये तेच सूर गोल आणि जाड होतात. रुआँच्या सँ-तुआँमध्ये तळातून घरघर येते, आणि तुलूझच्या सँ-सेर्नँमध्ये तर सगळं सरळ अंगावर येतं. स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या नळ्यांच्या रांगा, मोजावेत तर नोत्र-दाम ११५, सँ-स्युल्पीस १०२, सँ-तुआँ ६४, सँ-सेर्नँ ५४. म्हणजे चौघांत धाकटा तोच सर्वांत आक्रमक. हिशेब लागत नाही.

फरक वाद्याचा किती, इमारतीचा किती, माइकचा किती? तुलनेसाठी नेमकं काय ऐकावं? की तोकाता हा नमुनाच चुकीचा आहे?

खर्जाचा पाइप

शेवटून सुरू करतो. हो, नमुना चुकीचा आहे. तोकाता जवळजवळ पहिल्या मापापासून पूर्ण आवाजात असते. सगळे खटके (स्टॉप चालू-बंद करायच्या खुंट्या) उघडले की कुठलाही मोठा ऑर्गन गरजतोच. त्याचा स्वभाव कळतो तो निम्मे खटके बंद असताना.

पेटी वाजवणाऱ्यांना स्टॉपांचं गणित सोपं जाईल. पेटीत खर्ज, नर, मादी असे सूर असतात, तेच नातं इथे १६ फुटी, ८ फुटी, ४ फुटी असं येतं. ८ फुटी स्टॉप लिहिलेल्या सप्तकातच बोलतो, १६ फुटी एक सप्तक खाली, ३२ फुटी दोन सप्तकं खाली. एक स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांची पूर्ण रांग. काही स्टॉपांत एका पट्टीला तीन, चार, पाच नळ्याही असतात (हे मिश्र स्टॉप), त्यामुळे ५४ आणि ११५ या आकड्यांवरून आवाजाची ताकद ताडताच येत नाही. संख्या जास्त म्हणजे रंग जास्त, एवढंच.

नळ्या मुळात दोन जातींच्या. एक बासरीच्या जातीची: हवा ओठावर फुटते आणि नळीतला हवेचा स्तंभ वाजतो. दुसरी सनईच्या जातीची: आत पितळी जीभ असते. फ्रेंच लोक पहिल्या जातीतल्या मूळ सप्तकांच्या स्टॉपांना फों म्हणतात आणि दुसऱ्या जातीला आँश. फ्रान्समधला एकोणिसाव्या शतकातला ऑर्गन समजायला हे दोन शब्द पुरतात.

आरिस्तिद कावाये-कोल या कारागिराच्या ऑर्गनात पाया म्हणजे चार ८ फुटी फों एकदम उघडायचे: मोंत्र, फ्लूत आर्मोनिक, बुर्दों, गांब. मोंत्र म्हणजे दर्शनी नळ्या, भरीव आणि सरळ आवाजाच्या. बुर्दोंच्या नळ्यांना वरून टोपण असतं, म्हणून निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो आणि आवाज पोकळ, अंधारा येतो. गांबच्या नळ्या अरुंद, तंतुवाद्यासारख्या चरचरीत. चौथी फ्लूत आर्मोनिक ही खरी गंमत. वरच्या सप्तकांत तिची नळी गरजेच्या दुप्पट लांब असते आणि मध्याजवळ एक बारीक छिद्र असतं. त्यामुळे ती थेट वरच्या सप्तकात उडी मारूनच बोलते आणि जितकी वर जाईल तितकी भरत जाते. साध्या बासरी-नळ्या वर गेल्या की किरट्या होतात, ही होत नाही. फ्रेंच ऑर्गनात वरची धून गाते असं वाटतं, त्याचं अर्धं श्रेय हिचं.

दुसरं म्हणजे हवा. कावाये-कोलने एकाच विभागात (म्हणजे एका पट्ट्यांच्या रांगेवर वाजणाऱ्या नळ्यांत) खालच्या सप्तकांना कमी आणि वरच्यांना जास्त दाब दिला. आकडे काही राक्षसी नाहीत, पाण्याच्या साधारण १०० मिलिमीटरच्या आसपास. इंग्लिश ऑर्गनातली ट्यूबा २५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त दाबावर बोलते. म्हणजे फ्रेंच रीडचा, अर्थात आँशचा, धारदारपणा दाबातून आलेला नाही. जीभ ज्या नालीवर आपटते तिचं तोंड मोकळं ठेवलेलं असतं आणि जीभ तशी वळवलेली असते, त्यातून तो येतो.

तिसरी गोष्ट तुलनेसाठी सर्वांत उपयोगी. प्रत्येक विभागाच्या हवापेट्या दोन असतात. एकीवर फों, दुसरीवर आँश, आणि आँशच्या जोडीला मिश्र स्टॉपही. दुसरीला हवा मिळते ती पायाने खटका दाबल्यावरच. म्हणजे वादक सुरुवातीलाच सगळे खटके ओढून ठेवतो, रीड मुकाट बसून राहतात, आणि मधे हात न उचलता पायाने फौज आत घेता येते.

मग ऐकायचं काय? तर ही चढण:

१. तिन्ही-चारही मॅन्युअलांवर (हातांच्या पट्ट्यांच्या रांगांवर) फक्त ८ फुटी फों, कप्लर (एका मॅन्युअलला दुसरं जोडणारे खटके) लावलेले, रेसीची पेटी बंद. रेसी म्हणजे झडपांच्या लाकडी खोलीत कोंडलेला विभाग. पायाने झडपा उघडमिट होतात.
२. रेसीचे रीड आत, पेटी अजून बंदच. लांबून कुणीतरी येतंय असा भास इथे व्हायला हवा.
३. पेटी हळूहळू उघडते.
४. पोझितीफचे, म्हणजे दुसऱ्या, लहान विभागाचे, रीड.
५. ग्राँ-तोर्गचे, म्हणजे मुख्य विभागाचे, आणि पेडलचे, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांचे, रीड. १६ आणि ३२ फुटी सकट.

प्रत्येक पायरीचा सांधा ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला सांधा ऐकूच आला नाही तर वाद्य अस्सल आणि वादक जाणता. चौथ्या पायरीला दचकायला झालं तर बहुधा नंतर कुणीतरी जादा चकचकीत स्टॉप घातलेले आहेत.

आता तुमचे चौघे.

सँ-स्युल्पीस: १८६२, पाच मॅन्युअल. फ्रांस्वा-आँरी क्लिको या आधीच्या कारागिराच्या १७८१ च्या ऑर्गनातल्या पुष्कळ नळ्या कावाये-कोलने फेकल्या नाहीत, आपल्या रचनेत सामावून घेतल्या. म्हणून तिथे अठराव्या शतकातल्या मिश्र स्टॉपांचं आणि कोर्ने या पितळी आवाजाच्या स्टॉपचं तेज एकोणिसाव्या शतकाच्या जाड फोंमध्ये विरघळलेलं मिळतं. तुम्हाला जे गोल वाटलं ते हेच. आणि हा ऑर्गन जवळजवळ जसाच्या तसा राहिला, त्याचं कारण अगदी साधं आहे: १८७० ते १९७१ या शंभर वर्षांत तिथे दोनच मुख्य वादक झाले, विदोर आणि त्याच्यामागून मार्सेल द्युप्रे. दोघांनाही तो बदलावासा वाटला नाही.

सँ-तुआँ: १८९०, चार मॅन्युअल, कावाये-कोलच्या उतारवयातलं काम. विदोरने या ऑर्गनाला मायकेलअँजेलोची उपमा दिली होती. ६४ पैकी २० स्टॉप एकट्या रेसीत आहेत, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा झडपांच्या आड. म्हणून दुसरी-तिसरी पायरी ऐकावी तर इथे. तुमची तळातली घरघर म्हणजे पेडलची कोंत्र-बोंबार्द ३२.

सँ-सेर्नँ: १८८९, तीन मॅन्युअल. स्टॉप मोजके, पण प्रत्येक जण दमदार. त्यातच आडव्या, समोर रोखलेल्या तुताऱ्या आहेत, त्यांना शामाद म्हणतात. भर म्हणजे इमारत रोमनेस्क शैलीची: नेव्ह, म्हणजे मधलं लांब दालन, अरुंद, पिंपासारखं गोल छत आणि उंची २१ मीटरच्या घरातली. नोत्र-दामचं छत ३३ मीटरवर आहे. बोगद्याच्या एका तोंडाशी तुतारी धरली की दुसऱ्या तोंडाशी काय होईल, ते इथे होतं.

नोत्र-दामवर इथे लिहिणारे दुसरे आहेत, त्यांच्यासाठी सोडतो.

अवांतर: कावाये-कोलने तरुणपणी पेटीच्याच जातीचं, मोकळ्या रीडचं एक वाद्य केलं होतं, पोइकिलॉर्ग नावाचं. १८३२ मध्ये ते तुलूझला संगीतकार रोसिनीच्या कानावर पडलं आणि त्याने या घराण्याला पॅरिसला जायचा सल्ला दिला. पेटीचा सूर खाचेतून आरपार हलतो, ऑर्गनातली जीभ नालीवर आपटते. नातं चुलत आहे, सख्खं नाही.

मोडका भाता

वरचा प्रतिसाद झकास, पण फ्रान्स जणू १८४१ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-दनीला कावाये-कोलचा ऑर्गन झाला तेव्हाच जन्माला आला असं वाटेल. क्लिको हा काही कावाये-कोलचा कच्चा माल नव्हता!

पोआतिएच्या कॅथीड्रलमध्ये क्लिकोचा शेवटचा ऑर्गन उभा आहे, ४४ स्टॉप, चार मॅन्युअल. क्लिको १७९० मध्ये वारला, काम मुलाने पुरं केलं. प्रोव्हान्समध्ये सँ-माक्सिमँला इस्नार या कारागिराचा १७७४ चा, ४३ स्टॉपांचा. दोन्ही राज्यक्रांतीतून वाचले. हे ऐकल्याशिवाय तुलना अर्धीच.

यांच्यात चढण नसते, खाने असतात. दोन मुख्य खाने असे.

प्लँ-ज्यू: बासरी-जातीचे मोंत्र, बुर्दों १६, ८, ४, २ आणि त्यावर फुर्नित्युर व सिंबाल हे मिश्र. रीड एकही नाही.

ग्राँ-ज्यू: त्रोंपेत, क्लेरों, क्रोमोर्न हे रीड, सोबत कोर्ने आणि ४ फुटी प्रेस्ताँ. मिश्र एकही नाही.

दोन्ही एकत्र करू नयेत हा त्या काळचा दंडक. कारण सौंदर्याचं तर आहेच, पण हवेचंही आहे. रीड आणि मिश्र दोन्ही खादाड. हाताने चालणाऱ्या भात्यांची हवा एकाच वेळी दोघांना पुरत नाही. दाब पडतो, सूर हलतो, आणि दोन्ही जाती वेगवेगळ्या प्रमाणात उतरल्यामुळे आपापसात बेसूर होतात. आजकालचे काही वादक विजेच्या पंख्याच्या जिवावर सगळं एकदम ओढतात आणि मग लोक म्हणतात जुना फ्रेंच ऑर्गन कर्कश.

आता कोर्ने. हा स्टॉप कळला की आपल्या माणसाला फ्रेंच ऑर्गन कळला. एका पट्टीला पाच नळ्या: ८, ४, २⅔, २ आणि १⅗ फुटी. सुरांत सांगायचं तर सा, वरचा सा, त्यावरचा प, त्यावरचा सा आणि त्यावरचा ग. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार ऐकू येतो ना? तोच गांधार इथे वेगळी नळी करून मुद्दाम वाजवला आहे. पाच नळ्या मिळून एकच सूर ऐकू येतो, रुंद तोंडाच्या पितळी वाद्यासारखा. ग्राँ-ज्यूमध्ये तो का? तर त्रोंपेत खाली गडगडते, पण वरच्या सप्तकात तिचा आवाज पडतो. कोर्ने मधल्या सीपासून वरच सुरू होतो आणि बरोबर तेवढीच पोकळी भरून काढतो.

यातून तुलनेचा एक नेमका निकष मिळतो. कोर्नेतला गांधार शुद्ध, नैसर्गिक असतो, म्हणजे साच्या वर ३८६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). समान स्वरांतराच्या पट्टीवरचा गांधार ४०० सेंटवर बसतो. सा-ग एकदम दाबले की पट्टीवरचा ग आणि साच्या कोर्नेच्या पोटातला ग यांत १४ सेंटांची भांडाभांडी होते आणि आवाजाला किरकिर येते. पेटीच्या गांधाराबद्दल आपल्याकडे जी जुनी तक्रार आहे तीच. जुन्या असमान स्वरजुळणीत नेहमीच्या स्वरांतले गांधार शुद्धाच्या जवळ असतात, म्हणून पोआतिएला कोर्ने गुळगुळीत लागतो. उलट बरेच काळे स्वर असलेल्या रचना तिथे वाजवू नयेत, तिथले गांधार चावतात.

अजून एक. जुन्या फ्रेंच ऑर्गनांचा सूर आजच्यापेक्षा जवळजवळ पूर्ण एक स्वर खाली असतो. रेकॉर्डिंग शेजारी लावली की खालचं नेहमी गंभीर आणि भारदस्त वाटतं. ते वाद्याचं मोठेपण नव्हे, पट्टीचा फरक आहे. ताडून बघताना हे डोक्यात ठेवा.

नमुना म्हणून संगीतकार कूपरँच्या १६९० च्या दोन ऑर्गन-मिस्सा (मिस्सा या चर्चमधल्या उपासनेत वाजवायच्या रचना) घ्याव्यात. कुठल्या तुकड्याला कुठले स्टॉप, हे शीर्षकातच असतं. तिएर्स आँ ताय म्हटलं की मधल्या आवाजात तो गांधाराचा स्टॉप घेऊन गाणारी धून. एकच शीर्षक चार ठिकाणी ऐका, रंग नक्की तेच असणार. याहून चोख तुलना मिळणार नाही.

तिरपा कान

एवढा कीस काढायची गरज नाही. सत्तर टक्के आवाज इमारतीचा. ऑर्गन कुठलाही ठेवा, नोत्र-दाममध्ये तो नोत्र-दामसारखाच वाजणार.

खर्जाचा पाइप

टक्केवारीवर वाद घालत नाही, पण हे तपासून बघता येतं. बहुतेक मोठ्या फ्रेंच चर्चांत दोन ऑर्गन असतात: दारावरचा मोठा आणि वेदीजवळचा लहान, गायकांना साथ करणारा. नोत्र-दाम आणि सँ-स्युल्पीस दोन्हीकडे आहेत. छत तेच, दगड तेच. दोन्ही एकाच मिस्सेत ऐकले की इमारत काय घालते आणि वाद्य काय, हे वेगळं होतं. इमारत आवाजाची शेपटी ठरवते. तोंड, म्हणजे सुराचा पहिला क्षण, नळीचंच असतं. टाळी आणि थाळी एकाच गाभाऱ्यात वाजवली म्हणून एकसारखी लागत नाही.

गॅलरीत उभा

नोत्र-दामबद्दल.

तिथे कावाये-कोलचा १८६८ चा, ८६ स्टॉपांचा ऑर्गन होता असं म्हणणं बरोबर, पण आज जे ऐकू येतं ते निव्वळ त्याचं नाही. क्लिकोच्या काळातल्या नळ्या आहेत, कावाये-कोलच्या आहेत, आणि विसाव्या शतकातली भरही आहे. लुई व्हिएर्न १९०० ते १९३७ तिथे मुख्य वादक होता. मोठा बदल झाला पिएर कोशरोच्या काळात, १९५५ ते १९८४. साठच्या दशकात पट्टी ते नळी हे सगळं दळणवळण विजेवर गेलं, बार्कर यंत्रणा गेली, नवे मिश्र स्टॉप आले, शामाद आल्या. १९९२ मध्ये संगणक आला. धागाकर्त्याला जे लखलखीत आणि जरासं कडक वाटलं, ते या उत्तरार्धातल्या भरतीमुळे. सँ-स्युल्पीसच्या तुलनेत वरच्या थरांत माल जास्त आहे, म्हणून पूर्ण आवाजात तेज वर जाऊन बसतं.

बार्कर यंत्रणा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर ती गेली म्हणजे काय बिघडलं ते कळणार नाही. मोठ्या ऑर्गनात कप्लर लावले की एक पट्टी दाबताना दहा-बारा झडपा उघडाव्या लागतात आणि बोटं मोडायची वेळ येते. चार्ल्स बार्कर या इंग्रजाने प्रत्येक पट्टीला एक चिमुकला भाता जोडला. बोटाने फक्त त्याची झडप उघडायची, उरलेली ओढाताण हवा करते. सँ-दनीला १८४१ मध्ये ही मोठ्या प्रमाणावर आली आणि त्यामुळेच कावाये-कोलचे राक्षस हाताने वाजवण्याजोगे झाले. बार्करला एक क्षण लागतो आणि त्याची खटखट सज्जात ऐकू येते. म्हणून सँ-स्युल्पीसला वादक बोट स्पष्ट सोडून वाजवतात. फार जलद घेतलं तर चिखल होतो. विजेच्या नोत्र-दाममध्ये जलद तुकडे सोपे जातात. एकच तोकाता दोन गतींत ऐकू येते, त्याचं हेही कारण.

आता आग. १५ एप्रिल २०१९. मोठा ऑर्गन जळला नाही, पाणीही त्याच्यावर फारसं पडलं नाही. पाण्याचा मार बसला तो वेदीजवळच्या लहान ऑर्गनाला. मोठ्याचं दुखणं वेगळं होतं: छपराच्या शिशाची पिवळट धूळ नळ्यांत, हवापेट्यांत, सगळीकडे. २०२० मध्ये जवळजवळ आठ हजार नळ्यांचं हे वाद्य उतरवलं, वेगवेगळ्या कारखान्यांत साफ केलं, परत चढवलं. मग २०२४ मध्ये एकेका नळीचा आवाज जागेवर बसवायचं काम झालं. तेही रात्री, कारण दिवसा बांधकामाच्या आवाजात ओठ-जीभ ऐकू येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं.

म्हणून नोत्र-दामची रेकॉर्डिंगं ऐकताना तीन ढीग करा: साठच्या दशकाआधीची, कोशरोपासून २०१९ पर्यंतची, आणि २०२४ नंतरची. तिसऱ्या ढिगात दगडही घासून साफ झालेले आहेत, त्यामुळे खोलीच बदललेली आहे. हे ढीग एकमेकांत मिसळून नोत्र-दाम असं वाजतो हे विधान करू नये.

दुसरी काळी

रेकॉर्डिंगवरून तुलना करणाऱ्यांसाठी काही खबरदाऱ्या. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली, आवाजाची पातळी. दोन रेकॉर्डिंगं ८ फुटी फोंच्या शांत भागावर कानाने समान करा, पूर्ण आवाजाच्या भागावर नव्हे. ऑर्गनची तळापासून माथ्यापर्यंतची उंची इतकी असते की रेकॉर्डिंगवाले ती बऱ्याचदा दाबतात. गर्जनेवर समान केलंत तर ज्याला जास्त दाबलाय त्याचे शांत भाग फुगतात आणि तोच ऑर्गन उबदार वाटायला लागतो. दर दहा लोकांपैकी नऊ इथेच फसतात.

दुसरी, माइक कुठे. सज्जाजवळ ठेवला तर नळीचं तोंड, बार्करची खटखट, सगळं येतं. नेव्हच्या मध्यावर ठेवला तर इमारत येते. दोन वेगळ्या अंतरांवरची रेकॉर्डिंगं ताडून बघण्यात अर्थ नाही. अंतर ओळखायची खूण: तुटक सूर वाजतो तेव्हा सूर आधी आणि गुंजन नंतर असं वेगळं ऐकू आलं तर माइक जवळ.

तिसरी, खर्ज. ३२ फुटी सीची कंपनं सेकंदाला १६.३५. मोबाइल सोडा, बहुतेक टेबलावरच्या स्पीकरांनाही ती देता येत नाहीत. पण इथे एक मेख आहे. ३२ फुटी रीडमध्ये, म्हणजे कोंत्र-बोंबार्दमध्ये, वरच्या ओव्हरटोनांचा भरणा इतका असतो की ती मोबाइलवरही घरघरते. ३२ फुटी बासरी-जातीची नळी, सूबास वगैरे, तिथे पूर्ण गायब होते. म्हणून छोट्या स्पीकरवर सँ-तुआँ जबरदस्त आणि दुसरं एखादं वाद्य पोकळ वाटलं, तर दोष वाद्याचा असेलच असं नाही. चांगला हेडफोन लावून परत ऐका. छातीवर येणारा दाब मात्र हेडफोनही देत नाही.

चौथी, ऋतू. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि बासरी-जातीच्या नळ्यांचा सूर दर अंशाला सुमारे ३ सेंट चढतो. १५ अंशांवर ४४० ला लावलेली नळी २५ अंशांवर ४४७ च्या पुढे जाते. रीडच्या जिभेला तापमानाची इतकी पर्वा नसते. त्यामुळे उन्हाळ्यात रीड आणि फों एकमेकांपासून सरकतात, आणि जुळवणारा माणूस हजारो फोंना हात न लावता मोजक्या रीडच्या तारा ठोकून त्यांना फोंच्या मागे नेतो. ऑगस्टमधलं थेट रेकॉर्डिंग आणि जानेवारीतलं ताडून एकाचे रीड बेसूर ठरवू नका. आधी महिना बघा.

पाचवी थोडक्यात: कमी दर्जाच्या एमपीथ्रीत मिश्र स्टॉपांचं वाळूसारखं सळसळणं होतं. तो सिंबाल नव्हे, फाइल खराब आहे.

पायपेटी

सगळ्यांचे आभार, तोकाता बाजूला ठेवली. दोन उपप्रश्न. संगीतकार सेझार फ्रांकचा स्वतःचा ऑर्गन पॅरिसमधल्या सँत-क्लोतिल्द चर्चचा, मग त्याच्या रचनांसाठी तोच प्रमाण मानावा का? आणि सँ-स्युल्पीसला प्रत्यक्ष जायचं झालं तर बसावं कुठे?

खर्जाचा पाइप

सँत-क्लोतिल्दचा १८५९ चा ऑर्गन ४६ स्टॉपांचा होता. १९३३ मध्ये तिथला नंतरचा वादक तूर्नमीर याने त्यात भर घातली, १९६२ मध्ये पुढचा वादक लांग्ले याच्या काळात तो विजेवर गेला. जागा फ्रांकची, नळ्या पुष्कळ त्याच्या, पण तोल त्याचा नाही. फ्रांकसाठी न बदललेला कावाये-कोल शोधा. सँ-सेर्नँ चालेल, काँचं सँ-तेत्येनही चालेल, १८८५, ५० स्टॉप. या दुसऱ्याचे नळीनळीचे नमुने हाउप्टवर्क या ऑर्गन वाजवायच्या संगणक-प्रणालीसाठी निघालेले आहेत, म्हणजे घरच्या संगणकावर स्वतः खटके ओढून ती पाच पायऱ्यांची चढण वाजवून बघता येते. फक्त नमुन्यांत चर्चचं गुंजन आधीच आहे, त्यावर आणखी रिव्हर्ब चढवू नका.

फ्रांकने रचनांवर लिहिलेल्या स्टॉपांच्या सूचनांत एक खोच आहे. रेसीच्या फोंसोबत तो ओबुआ हा रीडचा स्टॉप सर्रास मागतो, शांत भागांतसुद्धा. कावाये-कोलचा ओबुआ फोंमध्ये मिसळून त्यांना कडा देतो. दुसऱ्या घडणीच्या ऑर्गनात तो नाकात बोलतो आणि सगळा रंग बिघडतो. ओबुआ आहे पण ऐकू येत नाही, तो काढला की मात्र चुकल्यासारखं वाटतं, असं झालं तर वाद्य फ्रांकला लायक.

गॅलरीत उभा

सँ-स्युल्पीसला सज्जाच्या थेट खाली बसू नका. वरचा आवाज डोक्यावरून पुढे निघून जातो आणि खाली फक्त पेडल उरतं. वेदीपाशी पुढेही नको. ६० मीटरवर आवाज पोचायला जवळजवळ ०.१८ सेकंद लागतात आणि तुटक सूर एकमेकांत कालवले जातात. नेव्हच्या मध्याच्या थोडं पुढे, मधल्या वाटेपासून चार-पाच खुर्च्या बाजूला. अगदी मध्यरेषेवर दोन्ही भिंतींचे परतीचे आवाज एकाच वेळी येतात.

आणि ३२ फुटी सूर चालू असताना खर्ज हरवल्यासारखा वाटला तर उठून पाच-सहा मीटर सरका. त्या सुराची लांबी सुमारे २१ मीटर असते, त्यामुळे इमारतीत त्याचे ठिकठिकाणी खड्डे पडतात आणि पाव लांबी सरकलं की माणूस खड्ड्यातून उंचवट्यावर येतो. हे मिस्सा संपल्यावर, लोक उठू लागल्यावरच करा; अखेरचा तुकडा तेव्हाच वाजतो आणि पेडलचे मोठे रीडही बहुधा तेव्हाच बाहेर पडतात.